नायट्रोच्या उतारावर सापडलेलं वर्गमूळ

आदरणीय काका,

तुम्ही साताऱ्याला परतलात त्याला बरेच महिने झाले. फोनवर आभार मानायचे दर वेळी राहून जातात, कारण फोन आमची लेकच धरून बसते. म्हणून हे पत्र. ते सगळ्यांसमोर लिहिते आहे, कारण माझ्यासारख्या काळजीत पडलेल्या मराठी आया इथे न्यू जर्सीत पुष्कळ आहेत.

२०२४ च्या उन्हाळ्यात तुम्ही शेजारी तुमच्या मुलाकडे आलात, तेव्हा लेक आठवीत जाणार होती. ‘मला मॅथ येत नाही’ हे ती आपलं नाव सांगावं इतक्या सहज सांगायची. मी वर्कशीटं आणायचे, ती रडायची, मग मी चिडायचे. तुम्ही वर्कशीटला हातही लावला नाहीत. तिला जॅक्सनच्या सिक्स फ्लॅग्ज या करमणूक पार्कातल्या रोलर कोस्टरांचं वेड आहे हे कळल्यावर एवढंच विचारलंत, “त्या नायट्रो कोस्टरचा पहिला उतार किती फुटांचा गं?”

तिला पाठच होतं. २१५ फूट, वेग ताशी ८० मैल.

“मग हे ८० आले कुठून?”

याचं उत्तर तिच्याकडे नव्हतं, आणि तुम्हीही दिलं नाहीत. चौकटीच्या वहीत तिच्याकडून एक तक्ता मात्र करून घेतलात. वरून सोडलेली वस्तू एका सेकंदात १६ फूट पडते, दोन सेकंदांत ६४, तीन सेकंदांत १४४. त्या त्या क्षणी वेग सेकंदाला ३२, ६४, ९६ फूट. आमच्या गॅलरीतून टेनिसचे चेंडू किती वेळा खाली गेले, त्याला गणतीच नाही. दोन दिवस ती त्या आकड्यांकडे बघत होती आणि तुम्ही शेजारी बसून पेपर वाचत होतात. मला राहवत नव्हतं, सांगून टाकावंसं वाटत होतं. तुम्ही मला डोळ्यांनीच थांबवलंत. तिसऱ्या दिवशी ती ओरडली, “उंचीचं वर्गमूळ काढायचं आणि आठने गुणायचं!” ती ओरड अजून माझ्या कानात आहे.

२१५ चं वर्गमूळ तुम्ही कॅल्क्युलेटरवर काढू दिलं नाहीत. १४ चा वर्ग १९६, १५ चा २२५. मधल्या २९ पावलांपैकी १९ चाललो, म्हणजे साधारण १४.६६. गुणिले आठ, सेकंदाला ११७ फूट. ताशी ६० मैल म्हणजे सेकंदाला ८८ फूट, त्या हिशेबाने ८० मैल. बरोबर ८०! त्या रात्री ती जेवायलाही उठेना.

पण मला खरे आभार मानायचे आहेत ते पुढच्या दिवसासाठी. एल तोरो या लाकडी कोस्टरचा उतार १७६ फूट. तिचं उत्तर आलं ७२, आणि जाहीर वेग आहे ७०. तिचा चेहरा पडला, खोडरबर हातात आलं. तुम्ही तो हात धरलात आणि म्हणालात, “खोडू नकोस. हिशेब चुकलेला नाही, हिशेबात काहीतरी घ्यायचं राहिलंय.” मग घर्षण आलं, वारा आला. थोड्या वेळाने तिनेच विचारलं, “मग नायट्रोला घर्षण नाही का?” तुम्ही किती खूश झालात! “माथ्यावर गाडी थांबलेली असते का, बघून ये,” म्हणालात. पुढच्या शनिवारी ती बघून आली: थांबत नाही, हळूहळू पुढे सरकतच असते. म्हणजे उतरायच्या आधीच थोडा वेग गाठीशी असतो. शिवाय जाहीर आकडे गोल केलेले असतात, हेही तिनेच शोधलं.

उत्तर जुळलं नाही की ती पूर्वी वही मिटायची. आता ती समासात लिहिते, ‘काय राहिलं?’ शाळेच्या वहीतसुद्धा.

तुम्हाला ‘किंगडा का’ हा कोस्टर आठवतो ना, ज्याच्याखाली बाकावर बसून तुम्ही घड्याळ लावलं होतंत? सुटल्यावर साडेतीन सेकंदांत ताशी १२८ मैल वेग गाठायचा. फेब्रुवारी २०२५ मध्ये तो ४५६ फुटांचा मनोरा सुरुंग लावून पाडला. लेक हळहळली, मग वही घेऊन बसली. टोकावरून सुटलेल्या वस्तूला जमिनीवर यायला ५.३ सेकंद तरी लागतील, असं तिने मांडलंय. खाली समासात लिहिलंय, ‘हवा धरलेली नाही. आजोबांना विचारायचं.’

त्या पानाचा फोटो सोबत पाठवते आहे.

तुमची,
शेजारची सून