तीन नंबरचा डबा ओळखणाऱ्या अण्णांना

ती. स्व. अण्णांस,
सा. न. वि. वि.

तुम्ही मराठी आमच्यासारखंच बोलता, पण वाचत नाही. म्हणून हे पत्र तुमच्या नातीनं तुम्हाला वाचून दाखवायचं, असं तिच्याशी आधीच ठरवलंय. चार लोकांसमोर लिहायचं कारण एवढंच, की त्या रात्री माझी डब्यांवरची अडलेली छपाई सोडवूनही तुम्ही पैशाला हात लावला नाही. नुसता चहा घेऊन वडगावला परत गेलात, ते अजून माझ्या मनाला लागून राहिलंय.

संक्रांतीला अकरा दिवस होते. खानापूरकडच्या एका बचत गटानं हळदीकुंकवाच्या वाणासाठी १२०० डबे सांगितले होते. झाकण साधं, पोटावर सुगडं आणि तिळगुळाचं चित्र, खाली गटाचं नाव मराठीत आणि कानडीत. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत गाळा घेऊन मला जेमतेम सात महिने झाले होते, आणि एवढी मोठी ऑर्डर पहिलीच. डबे तयार आणायचे आणि आमच्या हीट ट्रान्सफर मशीनवर छापून द्यायचे, एवढंच आमचं काम.

ज्यांनी हे काम पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. चित्र आधी पॉलिएस्टरच्या पातळ फिल्मवर छापून येतं, तेही उलट्या क्रमानं. फिल्मला लागून सहज सुटणारा थर, मग वार्निश, मग रंग आणि शेवटी उष्णतेनं चिकटणारा थर. डबा मशीनवर गोल फिरतो, तापलेला सिलिकॉन रबराचा रोलर फिल्म त्याच्यावर दाबत जातो, आणि एका फेऱ्यात चित्र डब्यावर उतरून फिल्म मोकळी होते. वार्निश आपोआप वरच्या बाजूला येतं, म्हणून नीट बसलेलं चित्र रोजच्या घासणीलाही दाद देत नाही. डब्याचं प्लॅस्टिक, म्हणजे पीपी (पॉलिप्रॉपिलीन), १६० अंशांच्या जरा वर वितळतं. रोलर त्याहून गरम असतो, पण टेकतो क्षणभरच, म्हणून डबा वाचतो.

माझं चित्र मात्र नीट बसत नव्हतं. मशीनवरून डबा उतरला की देखणा दिसायचा. दुसऱ्या दिवशी नखानं खरवडलं की आधी अनुस्वार जायचे, मग वेलांट्या, मग कानडी अक्षरांची बारीक वळणं. बरं, सगळ्याच डब्यांचं तसं नाही. तीन डबे पक्के, एक कच्चा, पुन्हा दोन पक्के. मी उष्णता वाढवत गेले. २१० वर नेली तेव्हा रंग पिवळट पडला आणि डब्याचं पोट आत गेलं. फॉइल, म्हणजे ती छापील फिल्म, खराब आहे असं धरून मी फॉइलवाल्याशी फोनवर भांडलेही. त्यांची चूक नव्हती. त्यांची माफी मागून झाली आहे.

शेजारच्या गाळ्यातल्या मामांनी तुम्हाला निरोप दिला. बादल्यांवर छपाई करण्यात तुमचं आयुष्य गेलंय, एवढंच मला ठाऊक होतं. रात्री साडेआठला आलात. मशीनकडे बघितलंच नाहीत. जमिनीवर बसलात आणि म्हणालात, "नोडु तंगी," म्हणजे बघ गं बहिणी, "आधी चित्र सुटलेले सगळे इकडं आण." आणलेला एकेक डबा उलटा करून तुम्ही ओळीत मांडत गेलात. डबा साच्याच्या कुठल्या घरात घडला, त्याचा बारीक आकडा प्रत्येकाच्या बुडाशी असतो, १ ते ४. सात महिने ते डबे माझ्या हातातून गेले, तो आकडा मी कधी वाचला नव्हता. सुटलेल्या जवळजवळ सगळ्या डब्यांवर ३ होता.

मग तुम्ही समजावलंत, ते मी वहीत लिहून ठेवलंय. साच्याच्या तिसऱ्या घरात डबा अडकत असणार, म्हणून मोल्डिंगवर, म्हणजे डबे घडवतात तिथं, त्या घरात सिलिकॉनचा स्प्रे मारत असणार. तो डब्यावर उतरतो, डोळ्यांना दिसत नाही, आणि त्याच्यावर काही धरत नाही. सकाळी विचारलं तर अगदी तसंच निघालं. डाग नेहमी चित्रातल्या एकाच जागी दिसला तर रोलर तपासायचा, जागा बदलत राहिली तर डबा तपासायचा, हेही तुम्हीच सांगितलंत.

पण तेवढ्यावर तुम्ही थांबला नाहीत. दोन डब्यांवर पाणी शिंपडलंत. थेंबाथेंबानं गोळा होऊन ते घरंगळलं. मग एक डबा गॅसच्या निळ्या ज्योतीच्या टोकावरून झरकन फिरवलात आणि पुन्हा पाणी टाकलंत, तर ते पसरून राहिलं. पीपीचा पृष्ठभाग मुळातच काही धरून ठेवत नाही. ज्योतीनं त्याच्यावर प्राणवायूचा संयोग होतो, तेव्हा कुठं तो चिकटणाऱ्या थराला जागा देतो. तोही परिणाम हळूहळू ओसरतो, म्हणून ज्योत दाखवली की लगेच छापायचं. हे करण्याआधी डबा आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसून पूर्ण वाळू द्यायचा, बाटली ज्योतीपासून लांब ठेवायची. सिलिकॉन नुसत्या ज्योतीनं जात नाही.

माझी उष्णता तुम्ही १८५ वर आणलीत, दाब थोडा वाढवलात, वेग कमी केलात. "सावकाश," एवढा एकच शब्द. सकाळपर्यंत थांबून चिकटपट्टी लावून ओढायची, त्याआधी खुश व्हायचं नाही, असं बजावून गेलात. सकाळी मी चाळीस डब्यांवर पट्टी ओढली. अनुस्वारसुद्धा हलला नाही. त्या पट्ट्यांकडे बघत मी तिथंच बसून रडले, हे तुम्हाला कुणी सांगितलं नसेल.

१२०० डबे भोगीच्या आदल्या दिवशी गेले. मोल्डिंगवाल्यांनी तिसरं घर पॉलिश करून घेतलंय, आता तिथं स्प्रे लागत नाही. आमच्या दोन्ही मुली डबा हातात आला की आधी उलटा करून आकडा बघतात.

वहिनींसाठी वाणाचा डबा बाजूला काढून ठेवला होता. रथसप्तमीपर्यंत त्यांना यायला जमलं नाही, तो अजून कपाटात आहे. पुढच्या सोमवारी नवा रोलर बसवतेय. दोघंही या. पहिला डबा तुमच्या हातानं फिरवायचा आहे.

तुमची,
तंगी