थायलंडातल्या खोनकेनच्या ताईंना, त्या कार्डाबद्दल

आदरणीय ताई,
सादर नमस्कार.

समोरासमोर आभार मानायला गेलं की तुम्ही "अहो, त्यात काय एवढं" म्हणून विषय बदलता. म्हणून हे जाहीर पत्र. थाई घरात लग्न करून आलेल्या आणि येऊ घातलेल्या मराठी मंडळींनीही ते वाचावं, अशी मनापासून इच्छा आहे.

पाकिटात मावेल एवढं पांढरं जाड कार्ड. वरच्या ओळीत पासपोर्टवरचं नाव जसंच्या तसं, खाली तेच थाई लिपीत, निळ्या पेनाने, एकेक अक्षर सुटं काढलेलं. वडिलांचं नाव वेगळ्या ओळीत आणि त्याच्यापुढे थाईत लिहिलेलं, ‘मधलं नाव’. देताना तुम्ही एवढंच म्हणालात, "कुठल्याही खिडकीवर नाव तोंडाने सांगायचं नाही. हे पुढे करायचं." ताई, इतक्या वर्षांत इतक्या लोकांनी इतके सल्ले दिले, पण त्या कार्डाएवढं कामाला काहीच आलं नाही.

नव्या लोकांना याचं महत्त्व पटकन कळत नाही. थाई लिपीत श, ष, स तिन्ही अक्षरं आहेत, पण उच्चार तिन्हींचा ‘स’च. ल आहे, ळही आहे, उच्चार दोन्हींचा सारखाच. त्यामुळे ऐकून लिहिणाऱ्याने ‘काळे’ कसंही लिहिलं तरी त्याच्या दृष्टीने ते बरोबरच. भ साठीचं अक्षर आणि थ साठीचं अक्षर जवळजवळ सारखं. एकाचं सुरुवातीचं वेटोळं बाहेर, दुसऱ्याचं आत. घाईत लिहिलं की भोसल्यांचे थोसले झालेच. त्यात आपल्या पासपोर्टात वडिलांचं नाव पहिल्या नावाला चिकटलेलं असतं. कुणी ते गाळतो, कुणी त्यालाच आडनाव करतो. मग विवाहनोंदणीत एक नाव, लेकराच्या जन्मदाखल्यावर दुसरं, परदेशी माणसाच्या पिवळ्या घरपुस्तिकेत, म्हणजे राहत्या घराच्या सरकारी नोंदवहीत, तिसरं, आणि शाळेत प्रवेश घेताना प्रश्न येतो की मुलाचे वडील यातले नेमके कोणते. दुरुस्ती म्हणजे पुन्हा भाषांतर, पुन्हा परराष्ट्र खात्याचा शिक्का, पुन्हा अम्फोची, म्हणजे तालुका कचेरीची, पायरी.

ज्या एजंटाने चांगले दणदणीत पैसे घेतले त्याने एकाच माणसाचं नाव दोन कागदांवर दोन तऱ्हेने लिहून दिलं, आणि दाखवल्यावर "माय पेन राय", म्हणजे ‘चालायचंच’, म्हणून हसून मोकळा झाला. ‘काही लागलं तर हक्काने सांगा’ म्हणणारे आपले लोक गरजेच्या वेळी फोन उचलेनासे झाले. त्यांची नावं इथे घेत नाही. तुम्ही मात्र एक बाटही न घेता शाळेच्या बाकावर बसून आधी सगळे कागद शेजारी शेजारी लावलेत, विवाहनोंदणीतलं नाव प्रमाण धरलंत, आणि मगच पेन उचललंत. ते कागद लावणं मी कधी विसरणार नाही.

बाकी तुम्ही शिकवलेलंही लिहायला हवं. प्रत्येक झेरॉक्सवर थाईत ‘खरी प्रत’ असं हाताने लिहून पासपोर्टवरचीच सही करायची. तारखांत बौद्ध साल असतं, म्हणजे इसवी सनात 543 मिळवायचे. बायको थाई असेल तर वास्तव्याच्या मुदतवाढीसाठी 4 लाख बाट अर्जाआधी पूर्ण दोन महिने नवऱ्याच्या थाई खात्यात असावे लागतात, किंवा महिना 40 हजारांचं उत्पन्न दाखवावं लागतं. परदेशी सुनेला ही अट नाही. घराच्या फोटोत नवरा-बायको आणि घर क्रमांक एकत्र दिसायला हवेत. सोन्याचा ‘बाट’ हे वजन आहे, दागिन्यात 15.16 ग्रॅम, म्हणजे आपल्या तोळ्यापेक्षा जड. सिन सोतची, म्हणजे नवऱ्या मुलाने मुलीच्या आईवडिलांना द्यायच्या रकमेची आणि सोन्याची, बोलणी करताना हे माहीत नसलं तर हिशेब चुकतो. ती रक्कम किती आणि त्यातली किती परत येणार, हे घरच्यांत आधीच ठरवायचं, सोहळ्यात ती नुसती मांडायची असते. आणि सासू-सासऱ्यांना दरमहा द्यायचे पैसे हे उपकार नव्हेत, घरखर्चाचाच भाग आहेत. हे तुम्ही जावयांना इतक्या स्पष्ट शब्दांत सांगता, म्हणून पुढची किती भांडणं टळतात!

भिक्खूंना वाय, म्हणजे हात जोडून नमस्कार, करताना अंगठे भुवयांच्या मध्ये, आईवडिलांना आणि शिक्षकांना नाकाच्या शेंड्याशी, इतर वडीलधाऱ्यांना हनुवटीशी. देवळात मांडी न घालता दोन्ही पाय एका बाजूला दुमडून बसायचं, तळवे बुद्धमूर्तीकडे येऊ द्यायचे नाहीत. आपल्या गुडघ्यांना ते जड जातं. तुम्ही त्यावर उपायही सांगितलात: अवघडलं की दोन्ही हात जमिनीला टेकून पाय सावकाश दुसऱ्या बाजूला न्यायचे, कुणी वाईट मानत नाही.

आणि वाय ख्रू, म्हणजे शाळेतली गुरुवंदना! मेच्या मध्यावर शाळा सुरू होते, जूनमध्ये बहुधा गुरुवारी मुलं गुडघ्यांवर बसून गुरुजींना फुलांचं तबक देतात. त्यात वांग्याची फुलं, रुक्मिणीची फुलं आणि गवत. ते गवत म्हणजे आपल्या गणपतीच्या दूर्वाच, हे तुम्ही मुलांना हातात देऊन दाखवलंत. वांग्याचं फूल खाली मान घालतं म्हणून नम्रतेचं, दूर्वा तुडवली तरी पुन्हा पसरते म्हणून चिकाटीची. परक्या देशातल्या शाळेत आपल्या मुलाला ओळखीचं काही सापडणं ही किती मोठी गोष्ट असते, ते आईबापांनाच कळतं.

ज्याला माहिती आहे त्याने ती दडवून न ठेवता नवख्याच्या हातात ठेवावी, एवढा साधा चांगुलपणा मी तुमच्यात पाहिला. शाळेच्या कचेरीतल्या त्या बाईंमध्येही पाहिला. जेवणाची सुट्टी झाली तरी कार्डावरचं नाव फॉर्मवर उतरून होईपर्यंत त्या खुर्चीवरून उठल्या नाहीत. त्यांनाही माझा वाय सांगा.

ताई, त्या कार्डाचा कोरा नमुना करून नव्याने येणाऱ्या मंडळींना पाठवायचा विचार आहे. मागच्या बाजूला मुलाचं नाव आणि त्याचा थाई ओळखक्रमांक लिहायला जागा ठेवली आहे. आणखी काही हवं असेल तर कळवा, छापायच्या आधी घालतो.

आपला,
इसानचा (ईशान्य थायलंडचा) एक मराठी जावई