दहा वर्षं लेकरांच्या मागं फिरायचं म्हणजे

प्रिय मित्रा,

तुझा मेसेज परवाच बघितला, पण फोनवर एवढं टाइप करायचा कंटाळा, म्हणून आज निवांत लॅपटॉप घेऊन बसलोय. बाहेर बेळगावजवळच्या आमच्या खानापूरचा पाऊस, लाइट सकाळपासून दोनदा गेली. तुमच्या प्रोजेक्टमध्ये बाळांचं जन्मापासून दहा वर्षं वजन, उंची, रक्त सगळं बघायचंय आणि एथिक्स कमिटीचं, म्हणजे संशोधनात माणसांवर अन्याय होत नाही ना ते बघणाऱ्या समितीचं, अप्रूव्हल आलं म्हणजे ते काम संपलं, असं तू लिहिलंयस. वाचून हसलो, कारण सहा वर्षांपूर्वी आमचा असाच अभ्यास सुरू करताना मी पण असंच म्हणत फिरत होतो.

आमचा पहिला संमतीचा फॉर्म इंग्लिश आणि कन्नडमध्ये होता. जांबोटीच्या पुढच्या गावांत आम्ही ज्या घरांत जायचो तिथल्या बायकांना वाचता येतं ते मराठीच. सीमाभागात भाषेचं नाव काढलं की लोक लगेच राजकारणावर घसरतात, माझं म्हणणं एवढंच की सही करणाऱ्या आईला कागद वाचता यावा. मग मराठी करून घेतला, तर तो असला सरकारी की एका काकूनं विचारलं, 'ऐच्छिक म्हणजे इच्छा असो नसो द्यायचंच काय?' शेवटी आम्ही तोंडानं सांगायला लागलो, नको म्हटलं तरी अंगणवाडीतला आहार बंद होणार नाही. बायकांना खरं तर तेवढंच ऐकायचं होतं! आणि शेजारी आशा ताई बसलेली असली की कोण नको म्हणणार, रोजचा संबंध तिचा. तिला बाहेर थांबा म्हटलं तर पंधरा दिवस माझ्याशी बोलली नाही.

तुझ्या गाईडनी शाळेत हेडमास्तरांची सही चालेल असं सांगितलंय ना, ते अजिबात ऐकू नकोस. आंध्रात एचपीव्ही लसीच्या, म्हणजे गर्भाशयमुखाच्या कॅन्सरवरच्या लसीच्या, प्रकल्पात वसतिगृहातल्या मुलींसाठी वॉर्डननीच सह्या केल्या होत्या, 2010 मध्ये ते काम थांबवावं लागलं.

आणि आईची सही म्हणजे पोराची नव्हे. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, 2017 च्या गाईडलाइनमध्ये सात वर्षांपुढच्या मुलाला स्वतःला विचारायचं असतं, बारापर्यंत तोंडी, पुढं लेखी. आमच्यात दोन वर्षांची असताना घेतलेली एक पोरगी आता आठची झालीय, यंदा हात पाठीमागं लपवून म्हणाली, 'मला सुई नको.' आई म्हणते घ्या हो सर, रडली तरी काय होतंय. मी फक्त उंची आणि वजन घेतलं. हिमोग्लोबिनचा रकाना रिकामा राहिला, ऑफिसातनं फोन आला, डेटा मिसिंग का. म्हटलं मिसिंग नाही, ती नको म्हणाली, तसंच लिहा.

सगळ्यात अवघड मात्र दुसरंच. एका तीन वर्षांच्या पोराचं हिमोग्लोबिन 6.4 आलं, 7 च्या खाली म्हणजे गंभीर. प्रोटोकॉलमध्ये 'रेफर करावे' अशी एक ओळ होती, पण बेळगावला जायच्या गाडीभाड्याची आणि आईच्या बुडालेल्या मजुरीची ओळ बजेटमध्ये कुठंच नव्हती. चिठ्ठी देऊन मी परत आलो, आठवड्यानं गेलो तर चिठ्ठी देवळीत तशीच. त्या रात्री अमेरिकेतल्या अलाबामाचा टस्कीगीचा अभ्यास आठवला बघ, 1932 ते 1972, पेनिसिलिन आलं तरी सिफिलिसच्या रोग्यांना न देता नुसतं बघत बसले. आपण तसले नाही रे, पण चिठ्ठी दिली की झालं असं म्हणणारा माणूस तिकडं किती हळूहळू सरकतो ते मला त्या दिवशी कळलं. दुसऱ्या दिवशी आम्हीच गाडी केली. तू आत्ताच हे पैसे बजेटमध्ये घाल, नंतर कोणी देत नाही.

गोव्याला कामाला जाणारी घरं पण धर. तारखा आपल्या सोयीनं ठेवल्यास तर ती सुटतात आणि बऱ्या घरातलीच पोरं यादीत उरतात, मग गाव सुधारलं असं वाटतं.

रिझल्ट रिसर्च पेपरात छापायच्या आधी घरी सांगायचे. आम्ही उशिरा सुरू केलं. एक आजी मला म्हणाली, 'दरवर्षी मोजताय, वाढवणार कधी?' उत्तर सुचलं नाही, चहा पिऊन आलो.

तुझा मराठी फॉर्म पाठव, त्याच काकूला वाचून दाखवतो. ती पास करेल तोपर्यंत छापू नकोस. आणि पाऊस थांबल्यावर ये की एकदा.

तुझा,
बेळगाववाला