सूचना : अंकोरची चित्रवही, रविवारी सायंकाळी ५ वाजता

कंबोडिया सहलीतल्या सर्व सदस्यांना नमस्कार.

आपल्यातल्या चित्रकार काकांची वही अखेर भरली. येत्या रविवारी नेहमीच्या हॉलमध्ये ती सगळ्यांनी मिळून पाहायची आहे. सहलीला न आलेले घरचेही चालतील.

फोटो आपण सगळ्यांनीच ढीगभर काढले. पण अंकोर वाटच्या सुमारे ४९ मीटर लांब समुद्रमंथनाच्या शिल्पापुढून आपण दहा मिनिटांत पुढे सरकलो, तेव्हा काका तिथेच बसून राहिले होते. वासुकीच्या शेपटीकडे देवांच्या बाजूने ओढणारा वानर कितीजणांनी पाहिला? वहीत तो आहे. ता प्रोम देवळाच्या भिंतींना कवटाळणारी झाडांची मुळं आहेत, बायोन देवळाचे दगडी चेहरे आहेत. आणि हो, पश्चिमाभिमुख अंकोर वाट देवळामागून उगवणारा सूर्य पाहायला तळ्याकाठी जांभया देत उभे असलेले आपणही! कोण कोण ते ओळखायचं.

कृपया लक्षात ठेवा :

- हात कोरडे ठेवा, पानं जलरंगातली आहेत. चहा-भजी वही बंद झाल्यावरच.
- वहीच्या पानांचे फोटो काकांना विचारूनच काढा.
- प्रत्येकाने एका चित्रामागची आठवण सांगायची, दोन मिनिटांत. (गाईडशी झालेली घासाघीस सगळ्यांना पाठ आहे, ती नको.)
- किती जण येणार ते शुक्रवारपर्यंत गटावर कळवा.

काकांना वर्गणी काढून जाड कागदाची नवी वही द्यायची आहे. त्यांना मात्र आधी सांगू नका.