थेंब किती ते छापता, कशात आणि कधी तेही छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या पुरवणीतलं घरगुती सौंदर्याचं पान मी कितीतरी वर्षं वाचतेय, कात्रणंसुद्धा काढून ठेवते, त्यामुळे रागावून लिहितेय तरी घरच्यासारखंच लिहितेय असं समजा. मार्चमध्ये त्या पानात मानेचा काळपटपणा घालवायला एक उपाय आला होता, एक चमचा बदाम तेलात लिंबाच्या एसेन्शिअल ऑइलचे, म्हणजे सालीतून काढलेल्या तीव्र सुगंधी तेलाचे, पाच-सहा थेंब टाकून मानेला चोळायचं. बस्स एवढंच. मी लगेच ऑनलाइन बाटली मागवली आणि पाच-सहाच्या जागी आठ टाकले, कारण आपला हात सैल, आणि जास्त टाकलं की लवकर फरक पडेल हे डोक्यात असतंच ना.

आता कुणी म्हणेल पॅच टेस्ट केली नसेल बाईने. केली होती हो! कोपराच्या आतल्या बाजूला तेच मिश्रण लावलं, दोन दिवस थांबले, साधी खाजही आली नाही. मग रविवारी सकाळी मानेला लावलं आणि अकराच्या उन्हात स्कूटीवरून भाजी आणायला गेले, नाशिकचं एप्रिलचं ऊन, स्कार्फ घरी विसरलेला. त्या दिवशी काही नाही, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चुरचुर सुरू झाली, तिसऱ्या दिवशी मान चटका बसल्यासारखी लाल आणि एका बाजूला बारीक फोड, आणि ते बरं झाल्यावर तिथे एक तपकिरी ओघळ उमटला, तेल जिथून खाली ओघळलं होतं अगदी तस्साच. काळपटपणा घालवायला गेले आणि वर अजून एक डाग घेऊन आले.

स्किनच्या डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, लिंबू लावून उन्हात गेला होतात का. लिंबाच्या सालीतून दाबून काढलेल्या तेलात फ्युरोकुमरिन नावाची द्रव्यं असतात, त्यांच्यावर उन्हातले यूव्हीए किरण पडले की त्वचा भाजते, ही ॲलर्जी नव्हे, कुणालाही होऊ शकतं. बर्गमॉट नावाच्या लिंबाच्या जातकुळीतल्या फळाच्या तेलात तर ती लिंबाहून जास्त. वाफेवर काढलेल्या लिंबाच्या तेलात ती जवळपास उतरत नाहीत, पण माझ्या बाटलीवर तेल कसं काढलंय हे कुठेच नव्हतं, "प्युअर" आणि "नॅचरल" मात्र मोठ्ठ्या अक्षरात. आणि माझी पॅच टेस्ट पास का झाली तर कुडत्याच्या बाहीखाली ऊन कुठून येणार! टेस्ट ॲलर्जीसाठी करायचीच, पण उन्हाचा त्रास तिच्यात दिसत नाही, आणि हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

मग मी जरा हिशोब केला. मुलाच्या तापाच्या औषधाची सिरिंज होती, तिच्यात त्या बाटलीतले थेंब मोजले तर एक मिलीला वीस-बावीस भरले. म्हणजे 5 मिलीच्या चमच्यात शंभरेक थेंब, त्यात एक थेंब टाकला की साधारण 1 टक्का झाला. चेहऱ्याला रोज लावायला अर्धा ते एक टक्का पुरे असं सांगतात, म्हणजे चमच्याला जेमतेम एक थेंब! उन्हात उघड्या राहणाऱ्या त्वचेवर लावून ठेवायच्या वस्तूत दाबून काढलेल्या लिंबाच्या तेलाची मर्यादा सुगंध उद्योगाच्या इफ्रा या आंतरराष्ट्रीय संघटनेने 2 टक्के ठेवलीय, बर्गमॉटची 0.4. पुरवणीतला उपाय पाच-सहा टक्क्यांचा आणि माझा आठ.

आमची आजी धुळ्याकडची, गुडघे दुखले की रोशा नावाच्या सुगंधी गवताचं तेल लावायची पण कायम तिळाच्या तेलात घालून, नुसतं लावलं की कातडी सोलवटते म्हणायची. तिला टक्केवारी कुठली माहीत, पण वासावरून जोर कळायचा तिला, आपल्याला बाटलीवरचं लेबल वाचूनही कळत नाही.

मैत्रिणींचे किस्से ऐकले तर वेगळंच. एकीने पिंपलवर टी ट्री, म्हणजे त्या नावाच्या झाडाच्या पानांचं एसेन्शिअल ऑइल, नुसतंच लावलं, तेही दोन वर्षं बाथरूमच्या खिडकीत उघडझाप झालेलं. टी ट्री पिंपलवर चालतं, 5 टक्क्यांच्या जेलवर अभ्यासही झालेत, पण हवा आणि उजेड लागून तेल जुनं झालं की त्यातनं ॲलर्जीची शक्यता वाढते आणि एकदा ॲलर्जी बसली की बहुतेक वेळा ती जन्माची. बाटली उघडल्याची तारीख वर लिहायची आणि झाकण घट्ट लावून गारव्यात ठेवायची, एवढं तरी करा. आणि लावल्यावर आग झाली तर आधी पाणी मारत बसू नका, पाण्यात ते विरघळत नाही, साध्या खोबरेल तेलाने पुसून काढायचं आणि मग साबणाने धुवायचं.

तर संपादकसाहेब, असे उपाय बंद करा असं माझं म्हणणं नाही, मी स्वतःच वाचणार आहे. फक्त "काही थेंब" असं छापू नका, किती मिलीत किती ते छापा, आणि लिंबू-बर्गमॉट असेल तर लावून निदान बारा तास तो भाग उन्हात न्यायचा नाही ही एक ओळ त्याच चौकटीत टाका, खाली बारीक अक्षरात नको.

माझ्या मानेवरचा ओघळ आता बराच फिका झालाय. बाटली अजून अर्धी आहे, तिचा उपयोग मी लोणच्याच्या रिकाम्या बरण्यांची लेबलं काढायला करते, गोंद कितीही चिवट असू दे, दोन मिनिटांत सुटतो.

आपली,
एक वाचक, नाशिक