संद्या, इंजिनाचं नंतर बघू

प्रिय संद्या,

तुझे व्हॉइस नोट सगळे ऐकले, त्यातला एक तू बहुतेक स्कूटरवर बसूनच केलायस, अर्धा वारा आणि अर्धं "साठ एचपी साठ एचपी". उत्तर मुद्दाम दिलं नाही, कारण बोट नीट उघडून बघितल्याशिवाय काही बोलण्यात अर्थ नव्हता, आणि फोनवर बोलायला लागलो की तू दुसऱ्या वाक्याला इंजिनावर येतोस. म्हणून लिहितोय. चहा घे आणि पूर्ण वाच.

बोट सुखरूप आहे. कुंभार्ली घाटातून पिकअपवर आली, आता धायरीला चुलतभावाच्या शेडमध्ये जुन्या टायरांवर बसवलीय. सोसायटीत आधीच बातमी पोचलीय. खालच्या मजल्यावरचे काका म्हणाले, "बरं झालं, भिडे पूल पाण्याखाली गेला की तुम्हीच फेऱ्या सुरू करा, पीएमटीपेक्षा वेळेवर असाल." असो.

आता मुद्द्याचं. आपण ही स्वस्तात घेतली आणि काम निघणार हे दोघांनाही माहीत होतं, फक्त काम कुठे निघणार यावर तुझं नि माझं जमत नाहीये. तू म्हणतोस इंजिन जुनं आहे, टू-स्ट्रोक आहे, ते काढून साठ एचपीचं नवीन टाकू. मी म्हणतो इंजिन ज्या फळीवर लटकलंय ती आधी बघ. ट्रान्सम, म्हणजे मागची उभी भिंत, बाहेरून अगदी मस्त दिसते, आधीच्या मालकाने गेल्या वर्षी पांढरा रंग मारलाय ना. पण फायबर नुसतं वरचं कातडं असतं रे, आत प्लायवूड असतं आणि ते प्लाय कुजलं की भिंतीतली ताकदच जाते. मी स्क्रूड्रायव्हरची प्लास्टिकची मूठ घेऊन वरपासून खालपर्यंत टकटक करत गेलो. वरच्या भागात टणटणीत आवाज, आणि इंजिनाच्या खालच्या बोल्टच्या आसपास आलो की ओल्या पोत्यावर मारल्यासारखा भद. मग इंजिन अर्धवट वर उचलून त्याच्या बुडावर मी वजन दिलं आणि चुलतभावाला आतून टॉर्च मारून बघायला सांगितलं. तो म्हणाला, "दादा, कोपऱ्यातली चीर उघडतेय आणि मिटतेय." झालं, तिथेच कळलं.

तरी खात्री केली. आतल्या बाजूने, बाहेरच्या बाजूने नाही, कारण बाहेरचं फायबर आपल्याला अखंड ठेवायचंय, ४ एमएमचं ड्रिल घेऊन वरून खाली थोड्या थोड्या अंतरावर भोकं मारली. वरच्या भोकातून कोरडा फिकट भुसा पडला, मधल्यातून जरा गडद, आणि तळाजवळ तर भुसा पडलाच नाही, ड्रिलच्या पात्यावर काळा चिखल चिकटून आला, त्याला कुजक्या पाल्याचा वास. खालचा एक बोल्ट सैल केला तर तपकिरी पाणी थेंब थेंब गळायला लागलं, आणि बोट कोरड्या शेडमध्ये उभी आहे, लक्षात घे. पाणी आत गेलं कुठून तेही सापडलं. कुणीतरी फिश फाइंडरचा (मासे शोधायच्या यंत्राचा) ब्रॅकेट लावायला चार स्क्रू सरळ फायबरमध्ये पिळलेत, सीलंटचा एक ठिपका नाही. ब्रॅकेट कधीच गेला, भोकं राहिली, वर रंग.

नऱ्ह्यातल्या एका फायबरवाल्याला दाखवलं. माणूस हुशार आहे, गाड्यांचे बंपर, बागेतल्या घसरगुंड्या, पुतळे, सगळं करतो. पण त्याचं म्हणणं, "साहेब कशाला खोलताय, लांबी (पुट्टी) भरतो, वरून फायबरच्या मॅटचे दोन थर मारतो, दहा वर्षं बघायला नको." बंपरला चालेल ते. इथे आत कुजलेलं तसंच ठेवून वरून थर मारले तर ओल आत कोंडून राहते आणि उरलेलं चांगलं प्लायही जातं. आणि ही फळी निखळली तर ती पाण्यात निखळणार, इंजिनासकट.

तर काम असं करायचं ठरवलंय. इंजिन उतरवायचं, आतलं फायबर कडेने दोन इंच सोडून चौकोनात कापायचं, कुजलेलं सगळं छिन्नीने खरवडून काढायचं आणि मग घाई न करता वाळू द्यायचं. नवीन प्लाय १८ एमएमचे दोन थर, मध्ये इपॉक्सी, म्हणजे दोन भाग मिसळून लावायचं चिकट रेझीन. प्लाय भवानी पेठेत टिंबर मार्केटला मिळेल, फक्त शिक्का बघून घ्यायचा, आयएस ७१० म्हणजे मरीन. दुकानदार "वॉटरप्रूफच आहे" म्हणून आयएस ३०३चं बीडब्ल्यूआर, म्हणजे त्याहून हलक्या दर्जाचं, हातात देतो, ते किचनच्या ट्रॉलीला ठीक. रेझीनवरून फायबरवाल्याशी माझं थोडं वाजलं. तो पॉलिएस्टर रेझीनवर अडून, मी इपॉक्सीवर. नवीन बोट बनवताना पॉलिएस्टर चालतं, पण जुन्या वाळलेल्या फायबरला ते तितकं घट्ट धरत नाही, इपॉक्सी धरतं. आणि एक बारीक गोष्ट, त्याच्याकडची नेहमीची तुकड्यांची मॅट इपॉक्सीबरोबर नको, कारण त्या मॅटमधला चिकटा पॉलिएस्टरमधल्या स्टायरीनने विरघळतो, इपॉक्सीत स्टायरीनच नसतं, मग मॅट नीट भिजत नाही, कडक राहते. विणलेलं कापड घ्यायचं. हे सांगितल्यावर तो जरा गप्प झाला आणि मग म्हणाला "कापड आणा, मी मारून देतो", म्हणजे माणूस कामाचा आहे.

बोल्टची भोकं आधी मोठी पाडायची, इपॉक्सीने पूर्ण भरायची, सुकलं की त्यातून पुन्हा योग्य मापाची पाडायची. म्हणजे बोल्टच्या कडेने उद्या पाणी झिरपलं तरी लाकडापर्यंत पोचत नाही. हे एवढं एक काम त्या ब्रॅकेटवाल्याने केलं असतं तर आज हे पत्र लिहावं लागलं नसतं.

हे सगळं ऑक्टोबर हीट लागल्यावरच. आत्ता हवेत अजून ओल आहे, इपॉक्सीवर अशा हवेत मेणचट थर येतो, तो धुतला नाही तर पुढचा थर बसत नाही. तू म्हणशील दिवाळीला पोरांना फिरवू. नाही फिरवणार. पोरं चिडतील, चिडू दे.

दुसरी भानगड वजनाची. ही आपली चुलतभावाची आयडिया, मानलं पाहिजे. पिकअप येताना वजनकाट्यावर नेली, बोट उतरवून रिकामी परत नेली, फरक काढला, त्यातून इंजिन, बॅटरी, टाकी वजा केली. बोटीच्या आतल्या प्लेटवर जे वजन लिहिलंय त्याच्यापेक्षा जवळजवळ शंभर किलो जास्त भरली. शंभर किलो म्हणजे शंभर लिटर पाणी, आणि ते फ्लोअरखालच्या फोममध्ये बसलंय. फ्लोअरला मागच्या बाजूला एक झाकण पाडून बघितलं, फोम दाबला की बोटांमधून पाणी येतं. पुढचा फोम कोरडा आहे, मागचा तेवढा काढू. तळाला फोडही आहेत थोडे, एक टोचला तर आंबूस वास आला, पण ते घासून भरता येतील, त्याने कोणी बुडत नाही.

आता तुझं लाडकं इंजिन. आपल्या कॉलेजच्या वेळचा तो यामाहा आरएक्स बाइकवाला मेकॅनिक आठवतो ना, अजून आहे, आता नाना पेठेत पोराबरोबर बसतो. त्याला म्हटलं टू-स्ट्रोक दाखवायचंय, तो खूश, शेडला आला आणि म्हणाला "एवढी मोठी आरएक्स?" प्लग काढून कॉम्प्रेशन घेतलं: वरच्या सिलिंडरला ११५ पीएसआय, खालच्याला ११०. आकडा किती यापेक्षा दोन्हींत फरक किती ते महत्त्वाचं, दहा टक्क्यांच्या आत असला की बरं असतं. म्हणजे आतून इंजिन ठणठणीत आहे. तू ज्याला म्हातारं म्हणतोयस त्याचं हृदय शाबूत आहे.

गिअरचं ऑइल मात्र दुधाळ निघालं. खालचा स्क्रू काढला आणि पांढरट कॉफी रंगाचं बाहेर आलं, म्हणजे पाणी शिरलंय. पंखा (प्रोपेलर) काढला तर कारण समोरच, शाफ्टला तंगूस, म्हणजे गळाची नायलॉनची दोरी, गुंडाळलेला, वितळून घट्ट कडं झालेलं, नखाने निघेना, ब्लेडने कापून काढावा लागला. तो सीलच्या ओठात घुसला होता. स्क्रूच्या चुंबकाला बारीक लोखंडी पूड आहे पण तुकडे नाहीत, म्हणजे गिअर वाचले, वेळेत सापडलं. सील बदलायचं, मग हवा भरून गळती बघायची, आणि नवीन ऑइल खालून भरायचं, वरच्या भोकातून बाहेर येईपर्यंत. वरून ओतलं की आत हवा अडकते.

इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या पंपाचा इंपेलर, म्हणजे आतलं रबरी पात्यांचं चाक, मी न बघताच बदलायचा म्हणत होतो, तरी उघडला. सहा पाती असायला हवीत, पाच होती. सहावं पातं शोधल्याशिवाय पुढे जायचं नव्हतं, कारण ते वर जाऊन पाण्याची वाट बुजवतं आणि मग नवीन इंपेलर टाकूनही इंजिन तापतं. थर्मोस्टॅटजवळ मिठाच्या खड्यांमध्ये सापडलं. म्हणूनच इंजिनाच्या मागून पडणारी पाण्याची पिचकारी एवढी बारीक होती, आणि आधीचा मालक "तशीच असते ती" म्हणाला होता, ऐकलंस ना तूपण. आणि कृपा करून कोणालाही "जरा आवाज ऐकव" म्हणून ते कोरडं चालू करायला लावू नकोस, पाण्याशिवाय रबराचा इंपेलर बघता बघता जळतो. पिंपात बुडवून चालवायचं.

पेट्रोलच्या नळ्या सरसकट फेकतोय. पंपावर आता इ-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉलवालं पेट्रोल, मिळतं, त्यातलं इथेनॉल जुनं रबर मऊ करतं आणि हवेतली ओल ओढतं. ओल जास्त झाली की इथेनॉल आणि पाणी मिळून टाकीच्या तळाला बसतात, पेट्रोल आणि आपण मिसळलेलं ऑइल वर राहतं, आणि इंजिन ओढतं तळातून. म्हणजे बिनऑइलचं. टू-स्ट्रोकचा पिस्टन जॅम व्हायला एवढं पुरतं. म्हणून लागेल तेवढंच भरायचं आणि उरलेलं गाडीत ओतायचं. ऑइल पण बाइकचं टू-टी नाही, बोटीच्या टू-स्ट्रोकचं टीसीडब्ल्यू-३च. आरएक्सवाल्याला हे पटवायला वेळ गेला, त्याच्या मते टू-टी म्हणजे टू-टी.

वायरिंग सगळं काळं पडलंय, तापकीर गल्लीतून आणून मी नवीन करतो, त्यात तुझं डोकं नको. ॲनोड, म्हणजे इंजिनाऐवजी स्वतः गंजणारे धातूचे तुकडे, बदलायचे, ते समुद्रासाठी जस्ताचे आहेत, गोड्या पाण्यात जस्तावर थर बसतो आणि ते कामच करत नाही, आपल्याला मॅग्नेशियमचे लागतील.

तर साठ एचपी. आत्ताचं चाळीसचं इंजिन ७०-७५ किलोचं आहे, साठचं फोर-स्ट्रोक शंभरच्या वर जातं. त्या कुजक्या फळीवर? नवीन फळी बसवली तरी बोटीच्या प्लेटवर कमाल ४० लिहिलंय, ते शोभेसाठी नाही. तुला वाटतंय इंजिनात दम नाही. अरे, शंभर किलो पाणी घेऊन फिरत होती ती! शिवाय आपण समुद्रावर नाही, उजनी धरणात चालवणार. उजनी जवळजवळ ५०० मीटर उंचीवर आहे, हवा विरळ, दर ३०० मीटरला साधारण तीन टक्के ताकद जाते, म्हणजे चाळीसातले दोन इथेच गेले. त्याला उपाय पंखा, एक-दोन इंच कमी पिचचा (म्हणजे एका फेऱ्यात कमी अंतर कापणारा) टाकायचा, इंचामागे दीडशे-दोनशे आरपीएम वाढतात. पंख्याची किंमत आणि तुझ्या इंजिनाची किंमत शेजारी शेजारी लिहून बघ.

एक गोष्ट तुझी खरी, ती नाकारत नाही. टू-स्ट्रोक न जळलेलं ऑइल पाण्यात सोडतं. खडकवासल्याचं पाणी आपण पितो, तिथे मी कोणी परवानगी दिली तरी नेणार नाही, आणि उजनीचं सोलापूरकर पितात. म्हणून पुढेमागे फोर-स्ट्रोक घ्यायचंच, पण चाळीसचं, आणि फळी झाल्यावर.

कागदांचं मी बघतोय. १९१७चा जुना कायदा जाऊन २०२१चा इनलँड व्हेसल्स ॲक्ट आलाय, नोंदणी, सर्व्हे आणि वर जलसंपदाची परवानगी, हे झाल्याशिवाय पाण्यात नाही. लाइफ जॅकेट मोजून डोक्याला एक, पोरांच्या मापाची वेगळी. मे २०२४ला कुगावहून कळाशीला येणारी बोट वादळात उलटली, सहा जण गेले, त्याच उजनीत. आमच्या हिने ती बातमी कापून फ्रिजवर लावलीय, त्यामुळे या विषयावर आमच्या घरी चर्चा होत नाही.

तुझं काम एवढंच: रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावर जाऊन इंपेलरचा पूर्ण किट, पंख्याच्या शाफ्टचे दोन सील, गिअर ऑइलच्या स्क्रूचे वॉशर आणि मॅग्नेशियमचे ॲनोड विचार. इंजिनाच्या ब्रॅकेटवरच्या नंबरचा फोटो पाठवतो, तो दाखव, नुसतं "चाळीसचं" सांगू नकोस, मॉडेलप्रमाणे बदलतं. पुण्यात मागवून मिळतं पण महिना लावतात. आणि साठ एचपीवाल्या डीलरला तू ॲडव्हान्स दिलेला नाहीस ना ते मला आज रात्री कळव, कारण त्या पैशातूनच प्लाय आणि इपॉक्सी घ्यायचंय, शनिवारी टेम्पो सांगितलाय.

काकूंना नमस्कार.

तुझा,
बाळ्या