अंतर्गत बदलीचे तोंडी आश्वासन

महोदय,
नोकरकपातीच्या यादीत नाव आलेल्याला त्याच कंपनीतल्या दुसऱ्या विभागाने ‘घेतो’ म्हटले, तरी तो होकार बहुधा त्या व्यवस्थापकाचाच असतो. जागेला वित्त विभागाची मंजुरी लागते. भरती गोठली की ती अडकते. तोवर शेवटचा दिवस उलटून कर्मचारी क्रमांक बंद झाला, तर नव्या उमेदवारासारखी प्रक्रिया पुन्हा सुरू होते. म्हणून रुजू होण्याची तारीख आणि ‘सेवा अखंड’ हा उल्लेख असलेले पत्र आधीच मागावे, त्याची प्रत खासगी ईमेलवर ठेवावी. ग्रॅच्युइटीसाठी लागणारी सलग सेवेची पाच वर्षे त्यावरच ठरतात. आणि ‘औपचारिकता’ म्हणून पुढे केलेला राजीनामा देऊ नये! कायद्यानुसार ‘कामगार’ ठरणाऱ्यांची, दर वर्षामागे पंधरा दिवसांच्या सरासरी वेतनाची कपात-भरपाई त्याने धोक्यात येते.

– एक वाचक, पुणे